फरशी क्षितिजावर चढते तेव्हा

दहावीच्या गणितात समरूप त्रिकोण असतात. त्याच सुमारास महाराष्ट्रातली पुष्कळ मुले इंटरमिजिएटच्या चित्रकला परीक्षेला बसतात आणि दूर जाणाऱ्या रस्त्याच्या कडा एका बिंदूत मिळवायला शिकतात. त्या का मिळतात, हे चित्रकलेच्या तासाला सांगत नाहीत. गणिताच्या तासाला रस्ताच नसतो.

हे दोन तास जोडायचे म्हटले की सुवर्णगुणोत्तर पुढे येते. मोनालिसाच्या चेहऱ्यावर चौकटी आखल्या जातात. मला हा खेळ पटत नाही. हवी तिथे चौकट बसवायची मुभा असेल, तर हवे ते गुणोत्तर सापडते. त्यापेक्षा अल्बर्टीची फरशी घ्यावी. इटलीतल्या या विद्वानाने १४३५ मध्ये चित्रकलेवर ग्रंथ लिहिला. तेव्हाचे काही चित्रकार फरशीची प्रत्येक पुढची ओळ आधीच्या ओळीच्या दोन तृतीयांश उंचीची काढत. ही पद्धत चुकीची आहे, असे त्याने ठणकावून लिहिले.

चूक कुठे आहे, ते मुलांनाच काढू द्यावे. डोळा जमिनीपासून १२० सेंमी उंच, समोर एक मीटरवर उभी काच, काचेपलीकडे एक-एक मीटरच्या फरश्या. समरूप त्रिकोणांवरून काचेवर रेघांची उंची येते ६०, ८०, ९०, ९६, १०० सेंमी. मैलभर फरशी घातली तरी १२० गाठत नाही, कारण ती डोळ्याची पातळी, म्हणजे क्षितिजरेषा. आता दोन तृतीयांशांचा नियम लावा. ६०, त्यात ४० मिळवून १००, त्यात सुमारे २७ मिळवून १२७. तिसऱ्याच ओळीला फरशी क्षितिजावर चढली! अल्बर्टीची पडताळणी तर नुसत्या फूटपट्टीने होते: चौकोनांमधून जाणारा कर्ण सरळ यायला हवा.

इथे गणित चित्राला नंतर चिकटवलेले नाही. चित्रकारांना अडले म्हणून ते लागले, आणि समांतर रेषा अनंतावर मिळतात असे धरून १६३९ मध्ये देझार्गने मांडलेल्या नव्या भूमितीची वाटही चित्रकारांच्या याच खटपटीतून निघाली.

मग त्याच वर्गात एखादे पहाडी लघुचित्र दाखवावे. गालिचा वरून पाहिल्यासारखा सपाट, त्यावर बसलेली माणसे मात्र बाजूने दिसणारी. चित्रकाराला येत नव्हते, असे एखादा मुलगा म्हणेलच. त्याला काचेची आकृती पुन्हा काढायला सांगावी. आपल्या सूत्रात डोळा एकच आणि एका जागी खिळलेला धरला होता; या चित्रकाराने तो धरलेलाच नाही.