मनगटावर उमटणारी खळबळ

ऑटिझम असलेलं मूल शांत बसलंय म्हणजे ते निवांत आहे, असं आपण सहज धरून चालतो. एमआयटीतल्या रोझलिंड पिकार्ड यांच्या मनगटी पट्ट्यांनी या समजाला धक्का दिला. ताण वाढला की घर्मग्रंथी जाग्या होतात आणि त्वचेतून वीज अधिक सहज वाहते; पट्टी तेवढंच मोजते. चेहऱ्यावर काहीच नाही आणि आलेख मात्र चढत चाललेला, असंही घडतं.

त्यांच्या एका विद्यार्थ्याने सुट्टीत दोन पट्ट्या घरी नेल्या. धाकटा भाऊ ऑटिस्टिक, न बोलणारा. त्या भावाला नेमका कशाचा त्रास होतो हे विद्यार्थ्याला समजून घ्यायचं होतं. एका मनगटाचा आलेख प्रचंड उसळला, दुसऱ्याचा नाही. पट्टी बिघडली असावी, असंच आधी वाटलं. चौकशीअंती कळलं की त्यानंतर थोड्याच वेळात मुलाला फिट आली होती. ऑटिझमसोबत अपस्मार बऱ्याचदा असतो. या धाग्यातून घडलेल्या फिट ओळखणाऱ्या पट्टीला अमेरिकेत 2018 मध्ये मान्यता मिळाली.

मेंदूचे संकेत टिपणं याहून अवघड. चेहरा पाहिल्यावर साधारण 170 मिलिसेकंदांनी ईईजीत, म्हणजे मेंदूच्या विद्युत नोंदीत, एक लहर उमटते; ऑटिस्टिक व्यक्तींच्या गटात ती सरासरीने किंचित उशिरा येते. पण ही सरासरी झाली; तेवढ्यावरून एकाही मुलाचं निदान करता येत नाही.

मला जास्त अस्वस्थ करते ती वेगळी गोष्ट. ज्याला शर्टाचं लेबलही टोचतं, त्याच्या डोक्यावर ईईजीसाठी ओली जेल लावलेली टोपी चढवायची. एमआरआयच्या खडखडाटात निश्चल पडून राहायला सांगायचं. डोकं जरा हललं तरी मेंदूतल्या जोडण्यांचं चित्र फसवं निघतं, हे 2012 मध्ये ठळकपणे पुढे आलं. म्हणून हलणाऱ्यांची नोंद वगळली जाते. म्हणजे ज्यांना मदतीची सर्वाधिक गरज, तेच अभ्यासातून गळतात, आणि सोसू शकणाऱ्यांवरून काढलेले निष्कर्ष सगळ्यांना लावले जातात. टोपी आधी घरी देऊन तिची सवय होऊ द्यावी, घाई करू नये. यात वेळ आणि पैसा जाईल. तो द्यायलाच हवा.

मनगटावरच्या संकेतांवरून आक्रमक उद्रेकाचा अंदाज मिनिटभर आधी बांधता येतो, असं संशोधक मॅथ्यू गुडविन यांच्या गटाने 2019 मध्ये दाखवलं. त्या मिनिटात मिक्सर बंद करायचा, दिवा मंद करायचा, की मुलाचे हात आधीच धरून ठेवायचे? पट्टी बनवणाऱ्यांनी, शिक्षकांनी, पालकांनी हे आधी ठरवावं. आणि ते ठरवताना स्वतः ऑटिस्टिक असलेली माणसं सोबत असावीत.