पडद्यावरचा आणि शेजारचा

परक्याचे आयुष्य पडद्यावर पाहताना आपले मन मोठे होते, की नुसती पाहण्याची हौस भागते? प्रश्न जुनाच आहे. पण समलिंगी माणसांच्या आयुष्यावरचा जपानी प्रायोगिक सिनेमा पाहिला की तो नव्याने उभा राहतो. तळ्यासारख्या डोंगरकुशीतल्या गावीही आता जगभरचा सिनेमा मोबाईलवर येऊन पोहोचतो. शिकलेली तरुण मुले तो पाहतात, त्यावर बोलतात. ‘यात तुम्हाला सापडते तरी काय?’ असे विचारणारे आहेत, आणि ‘असले पाहणेच गैर’ म्हणणारेही आहेत. या दोघांच्या मध्ये उभे राहून थोडा विचार करावा, एवढाच या लेखाचा हेतू.

तोशियो मात्सुमोतो या दिग्दर्शकाचा १९६९ सालचा ‘फ्युनरल परेड ऑफ रोझेस’, म्हणजे ‘गुलाबांची अंत्ययात्रा’, हा या प्रकारातला गाजलेला चित्रपट. कृष्णधवल. टोकियोतल्या मद्यालयांत स्त्रीवेशात वावरणाऱ्या पुरुषांची ही कथा. ग्रीकांच्या ईडिपसची कहाणी तिच्यात उलटी करून घातली आहे. एडी हे मुख्य पात्र पीटर या अगदी कोवळ्या, नवख्या नटाने केले. हाच पीटर पुढे अकिरा कुरोसावांच्या ‘रान’मध्ये (१९८५) विदूषक झाला. मात्सुमोतो कथा मध्येच थांबवतात आणि काम करणाऱ्यांनाच कॅमेऱ्यासमोर विचारतात: तुम्हाला स्वतःबद्दल काय वाटते? शेवटी एडी स्वतःचे डोळे फोडून रस्त्यावर येतो आणि भोवती जमलेली गर्दी त्याच्याकडे नुसती पाहत राहते.

या सिनेमाची ओढ आम्हाला इथे दिसते. एरवी आपल्या हिंदी चित्रपटांत असे पात्र आले की ते बहुधा हसण्यासाठी येते, फार तर कीव करण्यासाठी. मात्सुमोतोंचा चित्रपट प्रेक्षकाला हसायलाही देत नाही आणि हळहळायलाही देत नाही. कथेची सरळ वाट मोडून तो न्यायाधीशाची खुर्चीच काढून घेतो. ज्याच्याविषयी सगळे बोलतात, त्यालाच बोलायला सांगतो. आणि त्या शेवटच्या गर्दीत आपणही उभे आहोत, हे प्रेक्षकाला उमगते.

हे सारे आपल्याला अगदीच परके आहे काय? उर्दू शिकवणाऱ्याला तसे म्हणता येणार नाही. गझलेतला महबूब पुल्लिंगी क्रियापद घेऊन येतो. वर्गात एखादे पोर विचारते, ‘सर, असे का?’ आम्ही ‘ही रिवायत आहे’ म्हणतो आणि पुढच्या शेराकडे वळतो. रेख्तीत तर पुरुष शायरांनी बाईच्या तोंडची भाषा लिहिली. मराठी रंगभूमीवर बालगंधर्वांनी स्त्रीभूमिका केल्या. त्यांच्या साड्यांची, दागिन्यांची नक्कल घरंदाज बायका करीत. त्यांच्या गाण्याला तबल्याची साथ उस्ताद अहमदजान थिरकवाँची होती. जपानातही काबुकी नाट्यात १६२९ साली स्त्रियांना बंदी झाली आणि पुढे स्त्रीभूमिका करणाऱ्या पुरुषांची परंपराच उभी राहिली. म्हणजे मात्सुमोतोंचे बंड त्यांच्या मातीतले, आणि त्याला सगोत्र असे काही आपल्याही मातीतले.

पण इथेच एक गोम आहे. गझलेतला महबूब कागदावर असतो, बालगंधर्व रंगमंचावर, आणि एडी तर हजारो मैलांवरच्या टोकियोत. मध्ये पडदा असतो. पडद्यामुळे दाद देणे सोपे जाते. लांबचा माणूस आपल्याकडे काही मागत नाही. तो आपल्या मोहल्ल्यात राहत नाही, आपल्या बहिणीसाठी त्याचे स्थळ येत नाही. तेव्हा परदेशी सिनेमाची आवड हे आपल्या उदारपणाचे प्रमाणपत्र होऊ शकत नाही.

हा पडदा बाजूला सारणारा चित्रपट आता मराठीत आला आहे. रोहन परशुराम कानवडे यांच्या ‘साबर बोंडं’ला जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात जागतिक कथापट विभागाचे सर्वोच्च पारितोषिक मिळाले. मुंबईत नोकरी करणारा आनंद वडिलांच्या मृत्यूनंतर दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी जातो. नातेवाईक लग्नाचा लकडा लावतात. आईला सारे ठाऊक आहे. गावातल्या बाळ्या या शेतकरी मित्राशी त्याचे जुने नाते पुन्हा जुळते. एवढीच गोष्ट. कॅमेरा बहुधा एका जागी थांबून असतो, आणि काय वाटून घ्यावे हे सांगणारे पार्श्वसंगीत नाही. कानवडे यांनी हा चित्रपट स्वतःच्या वडिलांच्या निधनानंतरच्या अनुभवातून घडवला. मात्सुमोतो चित्र फोडतात, कानवडे ते थांबवतात. दोघेही प्रेक्षकाला घाईने निवाडा करू देत नाहीत. साबर म्हणजे निवडुंग, त्याचे काटेरी फळ ते बोंड. आमच्या कानाला मात्र त्यात ‘सब्र’ ऐकू येतो. अरबीतही या निवडुंगाला ‘सब्बार’ म्हणतात, आणि सब्रची मुळाक्षरे तीच आहेत.

शरीयतच्या दृष्टीने काय जायज, काय नाजायज, तो उलेमांचा विषय. त्यावर फतवा द्यायला आम्ही बसलेलो नाही. पण आपल्या वाट्याचा प्रश्न वेगळा आहे. सूरए हुजुरातमध्ये एकमेकांची थट्टा, टेहळणी आणि पाठीमागची निंदा या तिन्हींना मनाई आहे. अशा मुलाच्या बाबतीत आपण नेमक्या याच तीन गोष्टी करतो. शाळेत त्याच्या चालण्याची नक्कल होते, घरी त्याचा मोबाईल तपासला जातो, आणि मग गल्लीभर कुजबुज चालते. जो एका गोष्टीला पाप म्हणतो, त्याला ही तीन पापे माफ आहेत काय?

आणि यावर आपल्याकडचा ठरलेला उपाय म्हणजे लग्न. ‘निकाह लावून द्या, सुधारेल.’ निकाहमध्ये इजाब आणि कबूल लागतो. जिच्यापासून खरी गोष्ट लपवली, त्या मुलीचा ‘कबूल है’ कशाला होता? मुलगा महिनाभरात आखातात निघून जातो, आणि ती परक्या घरात दोष आपलाच असे समजून झुरत राहते. घराण्याची अब्रू राखण्याची किंमत त्या मुलीने मोजायची, हा कुठला न्याय? प्रश्न एकट्या मुलाचा नाही, तो इथे दोन जिवांचा होतो.

१८६० साली इंग्रजांनी केलेल्या दंडसंहितेतले कलम ३७७ सज्ञानांच्या परस्परसंमतीच्या संबंधांना लागू होणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी दिला. कायद्याने तुरुंगाची भीती काढली. ओसरीवरची भीती काढणे न्यायालयाच्या हातात नाही. ती ज्यांच्यामुळे आहे, त्यांनाच ती काढावी लागेल.

म्हणून आम्हाला वाटते, हा सिनेमा जरूर पाहावा. पण तो आवडला की नाही यावर स्वतःला जोखू नये. तो पाहून झाल्यावर वर्गात मागच्या बाकावर गप्प बसणाऱ्या पोराची नक्कल कोणी करू लागला, तर आपण त्याला तिथल्या तिथे थांबवतो का, आणि घरात एखाद्या मुलाचे लग्न घाईने ठरत असेल, तर ‘त्याला विचारले का? मुलीला खरे सांगितले का?’ हे दोन प्रश्न मोठ्यांसमोर विचारतो का, यावर जोखावे. आपले मत न बदलताही एवढे करता येते.