काय नाकारायचं आणि कुणाला

जयसिंगपूर आणि भोवतालच्या शिरोळ तालुक्यात जैन शेतकरी, व्यापारी पिढ्यानपिढ्या आहेत. त्यांच्यापैकी एखाद्या किराणा दुकानदाराने अंडी ठेवायचीच नाहीत असं ठरवलं, तर कुणी त्याला जाब विचारत नाही. मलाही त्याचा हक्क पूर्ण मान्य आहे. अंडं मागायला कुणीही येवो, उत्तर एकच मिळतं.

पण साखर दुकानात आहे आणि अमक्या जातीच्या माणसाला द्यायची नाही, असं झालं तर? धर्माचं नाव तेव्हाही घेतलं जाईल. शिवाशिव पाळणारे तेच घेत, आणि त्यांतल्या अनेकांची श्रद्धा खरीच होती. म्हणूनच श्रद्धा किती खरी, हे मोजून प्रश्न सुटत नाही. नकार वस्तूला आहे की माणसाला, हे पाहावं लागतं.

शाहू महाराजांनी जयसिंगपूर वडिलांच्या, जयसिंगराव घाटग्यांच्या नावाने वसवलं. त्याच महाराजांनी १९१९ मध्ये हुकूम काढला: अस्पृश्यांना समतेने वागवणं ज्या अधिकाऱ्याला पटत नसेल, त्याने सहा आठवड्यांत राजीनामा द्यावा; पेन्शन मिळणार नाही. मन बदला, असा हट्ट त्यांनी धरला नाही. खुर्ची मात्र सोडायला लावली.

तो हुकूम सरकारी नोकरांपुरता होता. संविधानाच्या कलम १५(२) ने दुकानाचं दारही धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान न पाहता सगळ्यांना उघडं केलं. ‘दुकान’ म्हणजे नेमकं काय, हा प्रश्न १९४८ मध्ये संविधान सभेत आला, तेव्हा बाबासाहेबांनी त्यात लाँड्री, न्हाव्याचं दुकान, सेवा देणारा प्रत्येकजण धरला.

बेलफास्टच्या एका बेकरीने समलिंगी विवाहाला पाठिंबा देणारा मजकूर केकवर लिहायला नकार दिला. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये बेकरीची बाजू घेतली, कारण तो मजकूर दुसऱ्या कुणी मागितला असता तरी मिळाला नसता. मला हा निकाल पटतो. साधा केक त्याच गिऱ्हाइकाला नाकारला असता, तर पटला नसता.

खरी कसोटी लागते भाड्याच्या घरापाशी. ‘फक्त शाकाहारींना’ ही अट वरकरणी स्वयंपाकघराची. पण या घरात मांस शिजवणार नाही, असं भाडेकरूने कबूल केल्यावरही आडनाव ऐकून दार लागत असेल, तर मालकाचा नकार मटणाला नव्हताच.