प्रगतिपुस्तकातली नोंद

एखाद्या प्राथमिक वर्गातली दहा प्रगतिपुस्तकं शेजारी शेजारी ठेवून वाचावीत. 'विशेष प्रगती'च्या रकान्यात 'दिलेला अभ्यास वेळेवर पूर्ण करतो', 'आवड/छंद'मध्ये 'चित्रे काढणे', 'सुधारणा आवश्यक'खाली 'अक्षर सुधारावे'. नाव झाकलं की मूल ओळखू येत नाही. ही वाक्यं बऱ्याचदा तयार नोंदींच्या पुस्तिकेतून किंवा व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या पीडीएफमधून उतरवलेली असतात. शेजाऱ्याच्या वहीत डोकावल्याबद्दल ज्या वर्गात मुलं ओरडा खातात, त्याच वर्गात!

मूळ योजना मात्र चांगली होती. शिक्षणहक्क कायदा २०१० च्या एप्रिलमध्ये लागू झाला आणि त्याच ऑगस्टमध्ये महाराष्ट्राने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आणलं. पहिली-दुसरीला शंभरातले ७० गुण वर्षभर चालणाऱ्या आकारिक मूल्यमापनाला, सत्राअखेरच्या लेखी-तोंडी संकलित मूल्यमापनाला फक्त ३०. आकारिकच्या आठ साधनांत 'दैनंदिन निरीक्षण'ही होतं. मूल शिकतं कसं, हे रोज पाहा, असं सरकारनेच सांगितलं होतं. मुलाची अभ्यासाकडे पाहण्याची नजर घडते किंवा बिघडते ती या पाहण्यात, असं मला वाटतं.

तिसरीतली एक मुलगी ५२ मधून २७ वजा करते आणि ३५ लिहिते. बाई फुली मारतात, सरावाला आणखी पाच गणितं देतात. तीही तशीच चुकतात, कारण मुलगी निष्काळजी नाही. तिच्याजवळ एक नियम आहे. मोठ्यातून लहान वजा करायचं. एककाच्या घरात सात मोठा, दोन लहान. सातातून दोन गेले, पाच उरले. 'लहानातून मोठी संख्या जात नाही' हे तिला पहिलीत आपणच शिकवलेलं असतं. सराव वाढवला की हाच नियम पक्का होतो. त्याऐवजी 'हे कसं केलंस, सांग बरं' असं विचारलं, तर ती अर्ध्या मिनिटात सगळं सांगते. मग दहा काड्यांचा एक गठ्ठा तिलाच सोडायला लावायचा. 'वरचा अंक लहान असला की उलटं वजा करते. गठ्ठा सोडल्यावर समजले' ही खरी नोंद. ती दुसऱ्या कोणाच्या पुस्तकात उतरवता येणार नाही.

'कसं केलंस' हे बरोबर उत्तरालाही विचारायला हवं. नाहीतर प्रश्न आला म्हणजे चुकलं, हे मुलं चटकन हेरतात आणि तोंड उघडण्याआधी खोडरबर उचलतात. घरी तर प्रश्न एकच असतो: 'झाला का अभ्यास?' म्हणजे संपला का. रोज ठरल्या वेळी बैठक हवी, पाढेही पाठ हवेत. त्यांना नावं ठेवणाऱ्यांतला मी नाही. पण आपलंच काम पुन्हा वाचून ते दुसऱ्याला सांगण्याची सवय नुसत्या बैठकीने लागत नाही.

कौतुकाचंही तसंच. क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक या मानसशास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये अमेरिकेतल्या पाचवीच्या मुलांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. 'हुशार आहेस' असं ऐकलेल्या मुलांनी अवघड कोडी आल्यावर लवकर माघार घेतली. मेहनतीचं कौतुक झालेली मुलं अधिक टिकली. यावरून पुढे भिंतीवरच्या सुविचारांचं पीकच आलं. पण ३५ लिहिणाऱ्या मुलीला 'छान प्रयत्न' म्हणून काय उपयोग? प्रयत्न तिने केलेलाच होता.

मुलाकडे आधी नीट पाहावं, हे आपल्याकडे नवं नाही. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांना पालघर जिल्ह्यातल्या कोसबाडला दिसलं की आदिवासी मुलं गुरांमागे जातात म्हणून शाळेत येत नाहीत. त्यांनी हजेरीची सक्ती केली नाही. शाळाच कुरणात नेली. कुरणशाळा हे त्या निरीक्षणातून निघालेलं उत्तर होतं.

शिक्षकांवरचा बोजा खरा आहे. एकाच शिक्षकाकडे दोन-दोन वर्ग, वर ऑनलाइन माहिती भरणं, निवडणुकीची कामं. अशात प्रत्येक मुलाचा प्रत्येक रकाना भरायचा म्हटल्यावर पीडीएफच कामी येणार. २०२३ मध्ये पाचवी आणि आठवीची वार्षिक परीक्षा परत आली, तेव्हा नोंदींच्या या पद्धतीसाठी फारसं कोणी हळहळलं नाही. मला विचाराल तर रकाने कमी करावेत. तीस मुलांच्या वर्गात वर्षभरात प्रत्येकाच्या दोनच खऱ्या नोंदी ठेवायच्या म्हटलं, तर आठवड्याला जेमतेम दोन होतात. तेवढं जमण्यासारखं आहे. मग पालकही सही करण्याआधी त्या वाचतील. सध्या ते श्रेणी पाहून सही करतात, आणि नोंदी उतरवणाऱ्यालाही ते पुरतं ठाऊक असतं.