मूठ हे हत्यार आहे का?

कोलार रोडवरच्या आमच्या घरी महिन्यातले दोन रविवार फाशांच्या खडखडाटात जातात. भाचा विधी विद्यापीठात शिकतो. केरवा धरणाच्या रस्त्यावरच्या वसतिगृहातून तो चार मित्रमैत्रिणींना घेऊन येतो आणि आमच्या जेवणाच्या टेबलावर ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ मांडतो. मांडतो म्हणजे काय, पट असा नसतोच. प्रत्येकापुढे आपल्या पात्राचा कागद, वाटीभर फासे, त्यात एक वीस बाजूंचा, आणि टोकाला पुठ्ठ्याच्या आडोशामागे डीएम, म्हणजे डंजन मास्टर. गोष्ट ती सांगते, राक्षस तिचे, निकालही तिचाच. भांडणं अस्सल भोपाळी हिंदीत. मराठी फक्त मामाकडे चहा मागण्यापुरती.

त्या रविवारी भाच्याच्या पॅलाडिनची, म्हणजे धर्मयोद्ध्याची, तलवार पुलावरून नदीत पडली होती आणि समोर सांगाडा उभा. भाच्याने ठोसा मारला, फासा चांगला पडला, आणि तो ओरडला, ‘स्माइट!’ मंत्रशक्तीचा एक स्लॉट खर्चून घावात दैवी तेज ओतायचं, असं ते अस्त्र. आठ बाजूंचे दोन फासे जादा. समोर मेलेलं उठून आलेलं काही असेल तर तिसराही. डीएम म्हणाली, ‘मुठीने नाही होत.’ पुढची चाळीस मिनिटं कुणी फाशाला हात लावला नाही. पोहे गार झाले.

भाच्याचं म्हणणं पोकळ नव्हतं. 2014च्या नियमपुस्तकात हे अस्त्र ‘मेली वेपन अटॅक’ (हातघाईचा हत्यारी वार) लागल्यावर वापरता येतं, आणि त्याच पुस्तकाच्या हिशेबात ठोसासुद्धा त्याच जातीचा हल्ला. मग अडलं कुठे? पुढच्या शब्दांत. हत्याराने होणाऱ्या इजेवर ही जादा इजा, असं तिथे म्हटलंय. आणि मूठ हे हत्यार नव्हे. यातली गंमत अशी, की पहिल्या छपाईत हत्यारांच्या तक्त्यात मोकळी मूठ होती. शुद्धिपत्राने ती काढली. म्हणजे तुमच्या कपाटातली प्रत कोणती, यावर तुमची मूठ हत्यार आहे की नाही ते ठरणार! मी कचेरीत तीस वर्षं परिपत्रकांचे अर्थ लावले. मला हे अगदी घरचं वाटलं.

खेळ बनवणाऱ्यांनीही अधिकृत उत्तर दिलं होतं ते ‘नाही’ असंच, आणि कारणही हेच: वाक्याच्या उरलेल्या भागात हत्यार आहे. ते वाचताना मला वेदवाक्यांचे अर्थ लावणारे मीमांसक आठवले. यज्ञात माखलेले खडे मांडावेत, असं एक विधान आहे. माखायचे कशाने? तेलाने, चरबीने की तुपाने? विधान गप्प. पण लगेच पुढे तुपाची स्तुती येते, म्हणून तूप. संदेह पडला तर वाक्याच्या शेषाकडे जा, हा जैमिनीचा मार्ग. शबराने त्यावर भाष्य लिहिलं, त्याला पंधराशे वर्षं तरी झाली असतील. स्माइटच्या उत्तरामागची युक्ती हीच आहे, आणि ती लढवणाऱ्यांना वाक्यशेष हा शब्द ठाऊक असण्याची काही गरज नव्हती. गावातच भदभदा रोडला राष्ट्रीय न्यायिक अकादमी आहे, तिथे न्यायाधीश प्रशिक्षणाला येतात. त्यांचंही बरंचसं आयुष्य अशाच उरलेल्या शब्दांवर जात असणार.

तर अर्थ डीएमच्या बाजूचा. पण त्याच अधिकृत उत्तरात पुढे असंही आहे की डीएमने मुठीला परवानगी दिली तर खेळाचा तोल काही बिघडत नाही. (2024च्या आवृत्तीत तर मूठ सरळ नाव घेऊन आत आली.) म्हणजे ‘वाक्याचा अर्थ काय’ आणि ‘आज काय करायचं’ हे दोन प्रश्न निराळे. चाळीस मिनिटं मुलं पहिल्यावरच झटत होती. दुसऱ्याचं उत्तर एकटी डीएम देऊ शकत होती, आणि तीही वादात ओढली गेली होती.

आपल्याकडच्या सर्वांत प्रसिद्ध फाशांच्या खेळात नेमकं हेच बिनसलं. स्वतःला आधी हरलेल्या माणसाला बायको पणाला लावता येते का? द्रौपदीचा प्रश्न खरोखर अवघड होता. विकर्णाने मुद्दे मांडले: युधिष्ठिर आधीच हरला होता, ती एकट्याची नव्हती, तिला पणाला लावायचं शकुनीने सुचवलं होतं. भीष्माने धर्म सूक्ष्म आहे म्हणून हात झटकले. ‘युगान्त’मध्ये इरावती कर्व्यांनी द्रौपदीलाच बोल लावलाय, की तिने त्या वेळी कायद्याचा कीस काढायला नको होता. मला ते पटत नाही. कीस तिने काढला नाही. तिने निकाल मागितला, आणि निकाल द्यायला बसलेले तज्ज्ञ कीस काढत राहिले. याउलट गदायुद्धात नियम लख्ख होता: नाभीच्या खाली प्रहार नाही. तिथे भीमाच्या बाजूने जे सांगितलं गेलं ते अर्थ लावणं नव्हतं, झाल्यावरची सारवासारव होती. बलराम चिडला ते रास्तच.

प्रशियाच्या सैन्यातला युद्धखेळ हा भाच्याच्या या खेळाचा पणजोबा. 1824 साली राइसवित्झने त्याचे तक्ते आणि फासे बांधून दिले. अधिकारी त्या तक्त्यांत इतके गुंतले की 1876 मध्ये फेर्डी द्यु व्हेर्नुआने तक्ते बाजूला सारून पंचाच्या अनुभवावर भिस्त ठेवली. पंच शहाणा असेल तर बरंच. पण त्या पंचाला कालचा निकाल आज आठवला पाहिजे, नाहीतर त्याच्यापेक्षा तक्ता परवडला.

डीएमने शेवटी पाण्याचा घोट घेतला आणि म्हणाली, ‘चलो, इस टेबल पे मुट्ठी चलेगी. लिख लो.’ भाच्याने तीन फासे टाकले, बेरीज सतरा, सांगाडा कोसळला. ‘को खाँ!’ म्हणून टाळ्या पडल्या.

पंधरा दिवसांनी पुन्हा डाव मांडला तेव्हा खिंडीत एक पतित पॅलाडिन उभा होता. भाच्याच्या मित्राने मोठ्या हुशारीने त्याच्या हातातली कुऱ्हाड उडवली. डीएमने आडोशामागे फासा टाकला आणि वहीचं मागचं पान उघडलं. भाच्याने तोंड उघडलं, माझ्याकडे पाहिलं, मिटलं.

‘मामा,’ तो म्हणाला, ‘थोडा चहा टाकता का?’