कायदा कोणासाठीं?

मुलांना मोबाईलपासून दूर ठेवण्यासाठीं सरकारनें कायदा करावा, असें म्हणणारे आईबाप आतां देशोदेशीं दिसूं लागले आहेत. ऑस्ट्रेलियानें सोळा वर्षांखालील मुलांस समाजमाध्यमांवर खातें ठेवण्यास मनाई करणारा कायदा २०२४ सालीं केला व १० डिसेंबर २०२५ पासून तो अंमलांत आला. आपल्याकडे तेरा वर्षांखालील मुलांसाठीं अशीच बंदी मागणारा अर्ज एप्रिल २०२५ मध्यें सर्वोच्च न्यायालयापुढें आला. हा धोरणाचा प्रश्न आहे, असें सांगून न्यायालयानें तो निकालांत काढला. प्रश्न अशा रीतीनें पुन्हां लोकांपुढेंच आला आहे, आणि विलेपार्ल्यासारख्या शिकल्यासवरल्या वस्तीनें तरी त्याचा शांतपणें विचार केला पाहिजे.

सुधारणा कायद्यानें व्हावी कीं घरच्या शिकवणुकीनें, हा वाद महाराष्ट्रास नवा नाहीं. १८९१ सालीं मुलींचें संमतिवय दहावरून बारा वर्षांवर नेणारा कायदा झाला, तेव्हां आगरकर त्याच्या बाजूनें उभे राहिले. उलट ज्यांचें नांव पार्ल्याचें टिळक विद्यालय १९२१ पासून मिरवीत आहे, त्या लोकमान्यांनीं परकीय सरकारनें आमच्या घरांत हात घालूं नये, अशी बाजू घेतली. आज सरकार आपलें आहे, आणि ज्यापासून मुलास वांचवावयाचें तें संकटही घरच्या रूढीचें नसून बाहेरच्या व्यापाराचें आहे. तेव्हां तो जुना आक्षेप येथें लागू पडत नाहीं.

शिवाय एकेकट्या आईबापांचें येथें चालत नाहीं. वर्गांतील सारीं मुलें ज्या माध्यमावर बोलतात, त्यावर आपलेंच मूल नसलें तर तें एकाकी पडतें, आणि मग शहाण्या आईचाही निश्चय ढळतो. समोरचा पक्ष तर केवढा! डोळा पडद्यावरून हलूं नये एवढ्यासाठीं कुशल इंजिनिअर पगार घेऊन राबतात. दहा वर्षांच्या पोरास त्यांच्यापुढें ‘मन आवर’ म्हणून सोडून देणें हा न्याय नव्हे. ऑस्ट्रेलियाच्या कायद्यांत दंड कंपन्यांस आहे, मुलांस किंवा आईबापांस नाहीं, हें आम्हांस योग्य वाटतें. माल विकणाऱ्यावर बंधन घालणें हें कायद्याचें काम आहे, व तें त्यानें केलेंच पाहिजे.

परंतु कायद्याची सत्ता उंबऱ्यापर्यंतच. १९२९ चा शारदा कायदा अंमलांत येण्यापूर्वीं लोकांनीं घाईघाईनें लग्नें उरकलीं, आणि पुढेंही बालविवाह होतच राहिले; कारण घरांचें मन वळलें नव्हतें. अठरा वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्यापूर्वीं आईबापांची पडताळून घेतलेली संमति हवी, असें कलम आपल्या २०२३ च्या कायद्यांतही आहे. पण ती संमति देणारें बोट आपलेंच! घांस भरवितांना, पाहुण्यांपुढें पोर गप्प बसावें म्हणून, किंवा लोकलच्या गर्दींतून शिणून आल्यावर घटकाभर निवांतपणा मिळावा म्हणून, तें यंत्र त्याच्या हातीं प्रथम कोणीं दिलें? २०२० सालीं शाळाच त्यांत भरली, ही अडचण खरी. पण शाळा उघडल्यावर कितीशा घरांनीं तें परत मागितलें?

या बाबतींत खेड्यांकडून शिकण्यासारखें आहे. २०२२ च्या नोव्हेंबरांत यवतमाळ जिल्ह्यांतील बान्सी गांवच्या ग्रामसभेनें अठरा वर्षांखालील मुलांस मोबाईलची बंदी केली. त्याच वर्षीं ऑगस्टांत सांगली जिल्ह्यांतील मोहित्यांचे वडगांव येथें निराळाच नेम सुरू झाला. सायंकाळीं सात वाजतां देवळावरचा भोंगा वाजावयाचा, आणि दीड तास साऱ्या गांवानें, थोरांनीं देखील, टीव्ही व मोबाईल बंद ठेवावयाचे. कळकळ दोन्हीकडे सारखीच. पण पहिल्या ठरावांतून थोर सुटले, दुसऱ्यांत ते प्रथम बांधले गेले. आम्ही दुसऱ्यास श्रेष्ठ मानतों. जें बंधन बाप पाळीत नाहीं, तें मुलास शिस्त वाटत नाहीं, दुबळ्यावरची जबरदस्ती वाटते. आणि आपण मोठें केव्हां होऊं व ती केव्हां झुगारूं, याची तें वाट पाहत बसतें.

म्हणून कायदा मागावाच, पण तो व्यापाऱ्यास आवरण्यासाठीं. आपलें काम सरकारच्या गळ्यांत घालण्यासाठीं नव्हे. पार्ल्याच्या एखाद्या इमारतींतील दहा बिऱ्हाडांनीं लहानथोरांसकट रोज दीड तास हीं यंत्रें बंद ठेवण्याचा नेम केला, तर त्यास लोकसभेच्या मंजुरीची गरज नाहीं. असा नेम पाळणाऱ्यांनीं सरकारच्या दारीं केलेल्या मागणीस वजन येईल. इतरांच्या मागणीस त्यांचीं स्वतःचीं मुलेंच हसतील.