श्रमनिद्रा

"पप्पा, मी हे मुद्दाम करतो का?"

माझ्या मुलानं हे विचारलं त्या रात्री आमच्या जळकोटात दत्तजयंतीचा सप्ताह चालू होता. कीर्तन नुकतंच संपलं होतं. मी भजनी मंडळात पखवाज वाजवतो, तो माझ्या मागं टाळ घेऊन बसतो. कीर्तनकार महाराज बोलता बोलता थांबले, मंडप शांत झाला, आणि त्या शांततेत माझ्या मुलाच्या घशातून आवाज निघाला, "हं". मान एका बाजूला उडाली. पुन्हा "हं". पुढच्या रांगेतले एक वडीलधारे मागं वळून म्हणाले, "पोराला आवरा, नाहीतर बाहेर बसवा." बायकांच्या बाजूनं कुणीतरी माझ्या आईच्या कानाशी लागलं, "बाहेरचं दिसतंय, दाखवून आणा कुठंतरी." निघताना एका नातेवाइकानं खांद्यावर हात ठेवून मला समजावलं, "मागच्या जन्माचं असतंय रे काही काही."

एका संध्याकाळी तीन निकाल लागले. शिस्त नाही, बाधा आहे, पाप आहे. त्या तिघांपैकी कुणाच्या मनात वाईट नव्हतं. पण तिन्ही निकाल ऐकून घरी आलेला पोरगा दहा वर्षांचा होता, आणि ज्याच्या अंगात हे सगळं चाललंय त्यालाच ते आपण करतो की आपोआप होतं हे कळत नव्हतं. त्यानं मला विचारलं, कारण बापाला ठाऊक असेल असं त्याला वाटलं. मला ठाऊक नव्हतं. तेव्हापासून दोन वर्षं मी त्याचं उत्तर शोधतो आहे.

आधी जे घडतं ते नीट सांगतो. पावसाळा सरता सरता बांधावर गाजरगवत पांढरं फुलतं, तेव्हा त्याचं नाक गळायला लागतं, डोळे लाल होतात. दसऱ्याच्या आगेमागे सोयाबीनच्या राशी सुरू होतात. मळणीयंत्राचं भुसकट वाऱ्यानं गावभर उडतं, दोरीवरच्या कपड्यांवर बसतं, ताटातल्या भाकरीवरही बसतं. मग रात्री त्याच्या छातीत शिट्टी वाजते. दिवाळीचे फटाके आणि उसाच्या फडातलं जळणारं पाचट त्यात भर घालतं. हा दमा. माझ्या वडिलांना, आप्पांनाही होता.

आणि त्याच मुलाला टिक्स आहेत. डोळे मिचकावणं, मान उडवणं, नाक ओढणं, घसा खाकरणं. नाक वाहतं म्हणून तो नाक ओढतो, आणि नाक कोरडं असतानाही ओढतो. डोळा खाजतो म्हणून मिचकावतो, आणि खाज नसतानाही मिचकावतो. आम्ही त्याला आधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं, मग कान-नाक-घशाच्या. अशा बऱ्याच मुलांचा प्रवास असाच होतो. शेवटी सोलापुरात मुलांच्या मेंदूविकाराच्या डॉक्टरांनी तासभर नुसतं त्याच्याकडे बघितलं आणि सांगितलं, "हे दोन आजार आहेत. एकमेकांत गुंतलेत. तुम्ही वही घाला."

मी वही घातली. भजनाच्या वहीसारखीच, लाल पुठ्ठ्याची. एका रकान्यात खाज, पाणी, शिंका, धाप. दुसऱ्यात मान, डोळे, आवाज. तिसऱ्यात शिवारात काय चाललंय, घरात काय झालं, कोणतं औषध दिलं. वर्षभरात दिसलं ते असं. राशींच्या दिवसांत दोन्ही रकाने भरतात. माघात पहिला रिकामा असतो, तरी दुसऱ्यात घसा खाकरणं असतंच. परीक्षेच्या आठवड्यात दुसरा एकटाच वाढतो, झोप कमी झाली की वाढतो, आणि कुणी रागावून "थांबव" म्हटलं की हमखास वाढतो. तो माझ्याबरोबर टाळ धरून ठेक्यात रमला की बराच वेळ तिथं लिहायला काहीच नसतं.

ही वही लिहिताना मला पहिल्यांदा वाटलं की लक्ष देणं हीसुद्धा एक उपासना आहे. नामस्मरणात मन भरकटतं तसं इथंही भरकटतं. आपल्याला जे वाटतं ते लिहायचा मोह होतो, दिसतं ते लिहायचं असतं.

आता त्याच्या प्रश्नाकडे येतो. मुद्दाम की आपोआप?

एका रात्री त्याला धाप लागली होती. पंप दिला होता, आराम पडत होता, आणि मी त्याच्या पाठीवर हात ठेवून बसलो होतो. तेव्हा सुचलं की श्वास तरी कुणाचा आहे? आपण झोपतो तेव्हा तो आपल्याला न विचारता चालतो. जागेपणी आपण तो रोखू शकतो, लांबवू शकतो, गाताना त्याला सुरात बांधतो. पण कायमचा थांबवू म्हटलं तर तो ऐकत नाही, आपलं न जुमानता आत येतो. श्वास अर्धा आपला आहे. डॉक्टरांनी टिकचं वर्णन केलं तेही असंच होतं. शिंक येण्याआधी नाकात हुळहुळतं तसं मुलाला आतून काहीतरी दाटल्यासारखं वाटतं. तो थोडा वेळ धरून ठेवू शकतो. मग ते बाहेर पडतं, आणि क्षणभर मोकळं वाटतं. म्हणजे टिकही अर्धी आपली, अर्धी आपली नाही. माझ्या मुलाच्या वाट्याला अशा दोन गोष्टी आल्या, आणि दोन्ही अशा सीमेवरच्या, जिथं माणसाचं चालतं आणि चालतही नाही.

पतंजलींच्या योगसूत्रांत पहिल्या पादात चित्ताचे विक्षेप सांगितले आहेत, आणि त्या विक्षेपांबरोबर येणाऱ्या चार गोष्टींमध्ये अंगाचं कापणं आणि विस्कटलेला श्वास या दोन्ही शेजारी शेजारी आहेत. हे वाचलं तेव्हा मी दचकलो. माझ्या पोराचंच नाव तिथं लिहिल्यासारखं वाटलं. एका परिचितानं तर त्यावरून निष्कर्षच काढला, "बघा, मन चंचल म्हणून शरीर चंचल. ध्यानाला बसवा." मी मुलाला बसवलं. शांत बस म्हटलं, मान आणखी उडायला लागली, आणि तो रडकुंडीला आला. मग कळलं की ते सूत्र साधकानं स्वतःकडे बघण्यासाठी आहे. ज्यानं स्वतःहून वाट धरली त्याच्यासाठी ती खूण आहे. तीच खूण दुसऱ्याच्या लेकराच्या कपाळावर डागायला घेतली तर शास्त्राचं शस्त्र होतं. 1885 साली पॅरिसमध्ये जॉर्ज जिल द ला तुरेत यांनी नऊ रुग्णांची टिपणं छापली, तेव्हापासून टिक्सच्या या दुखण्याला वैद्यकात नाव आहे. ते मेंदूतल्या हालचाली आवरणाऱ्या यंत्रणेचं आहे. त्यात मुलाच्या चारित्र्याचा काही संबंध नाही.

तिसरा निकाल पापाचा होता. त्याच्याशी माझी ओळख फार जुनी आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे भूकंप झाला तेव्हा मी प्राथमिक शाळेत होतो. गणपती विसर्जनाची रात्र उलटत होती. आमच्याकडे भांडी वाजली, भिंती हलल्या, आम्ही अंगणात पळालो. किल्लारी आणि सास्तूरच्या पट्ट्यात मात्र जवळपास दहा हजार माणसं गेली. पुढं कितीतरी दिवस मोठी माणसं पारावर बसून एकच बोलायची, एवढं कुणाचं पाप भरलं होतं? मी ऐकत असायचो, आणि मला पाळण्यातली पोरं आठवायची. त्यांनी काय केलं होतं?

नंतर इंजिनिअर लोक आले. त्यांनी सांगितलं की दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं जड माळवद, यांनी माणसं मारली. पाप कुणाचं हा प्रश्न पारावरच राहिला आणि घर कसं बांधायचं हा प्रश्न पुढं गेला. त्यामुळं जी नवी गावं उभी राहिली, त्यांत आज लेकरं झोपतात. माझा कर्मसिद्धांतावर विश्वास आहे. पण तो मी स्वतःच्या हातांसाठी ठेवतो. माझ्या कर्माचं फळ मला मिळो. दुसऱ्याचं दुःख बघून त्याचा हिशेब मांडायचा अधिकार मला कुणी दिलेला नाही, आणि लेकराचा तर नाहीच. म्हणून मीही पाप कुणाचं हा प्रश्न सोडला, आणि काम कुणाचं हा धरला.

काम आमचं आहे आणि ते फार साधं आहे. राशी चालू असताना त्याला खळ्यावर नेत नाही. वाकळा आणि उशांच्या खोळी गरम पाण्यात धुतो, घर झाडण्याऐवजी ओल्या फडक्यानं पुसतो. रोजचा पंप, जो सूज कमी ठेवतो, तो स्पेसरची पोकळ नळी लावून द्यायचा आणि बरं वाटलं म्हणून आपल्या मनानं बंद करायचा नाही. पंपाची सवय लागते असं गावात आजही म्हणतात. तसं नाही, थोडंच औषध थेट छातीत जातं. धाप लागल्यावरच्या सालब्युटामॉलच्या पंपानं हात थरथरतात, छाती धडधडते, म्हणून माझ्या आईला भीती वाटायची की यानं टिक्स वाढतील. डॉक्टरांनी बजावलं, ती थरथर थोड्या वेळात ओसरते, पण श्वास अडला असताना पंप रोखून धरायचा नाही. मूल एक वाक्यही सलग बोलू शकत नसेल, फासळ्या आत ओढल्या जात असतील किंवा ओठ निळसर दिसले तर पंप देत देत थेट दवाखाना गाठायचा.

औषधांतली गाठ इथंच आहे. नाक मोकळं करणाऱ्या सर्दीच्या औषधांत फिनाइलएफ्रिन किंवा स्यूडोएफेड्रिन असतं, त्यानं काही मुलांच्या टिक्स चेकाळू शकतात. म्हणून दुकानातून आपल्या मनानं बाटली आणायची नाही. दम्यावरच्या मॉन्टेलुकास्टच्या गोळीबद्दल अमेरिकेच्या औषध प्रशासनानं मार्च 2020 मध्ये सगळ्यांत कडक इशारा दिला, मुलाची झोप, स्वभाव, वागणं बदलतंय का ते बघा म्हणून. उलट बाजूनं, थरथर आणि घबराटीवर दिली जाणारी प्रोप्रॅनोलॉलची गोळी दम्याच्या माणसाचा श्वास आवळू शकते. म्हणून एका आजाराच्या डॉक्टरांना दुसरा आजार सांगितल्याशिवाय मी उठत नाही. लाल वही पुढं ठेवतो.

या सगळ्यात देव कुठं आहे? आहे. आमचं गाव सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर. मृग लागला की दम्याची माणसं माशाच्या दवेसाठी हैदराबादला जातात. आप्पाही जायचे. जिवंत मासोळीतून गिळायच्या त्या औषधाला विज्ञानाचा पुरावा नाही, म्हणून मी मुलाला नेलं नाही. पण आप्पांच्या श्रद्धेला मी हसत नाही. ज्या माणसाला रात्र रात्र उशाला टेकून काढावी लागते, तो वर्षातून एकदा आशेच्या रांगेत उभा राहतो, एवढं मला समजतं. नळदुर्गला पौषी पौर्णिमेची खंडोबाची यात्रा आम्ही सोडत नाही. फक्त भंडारा उधळतात त्या गर्दीत न जाता कडेला, वाऱ्याच्या उलट बाजूला उभे राहतो, आणि चिमूटभर भंडारा त्याच्या कपाळाला लावतो. मल्हारी तेवढ्यानं उणा होत नाही. घरातला धूप आता अंगणात लावतो. देवाला धूर लागतोच असं नाही, लेकराला हवा लागतेच.

गोरोबाकाका आमच्याच जिल्ह्यातले, तेरचे. विठ्ठलाच्या नामात डोळे मिटून ते चिखल तुडवत होते, आणि रांगत आलेलं लेकरू पायाखाली आलं. मी ही कथा लहानपणापासून ऐकतो. आपण सगळे पुढं धावतो, विठ्ठलानं मूल परत दिलं तिथं. मी मात्र अलीकडे त्या चिखलापाशीच थांबतो. एवढ्या मोठ्या संताच्या बाबतीतही कथा ते दुःख लपवत नाही, यात मला तिचं मोठेपण वाटतं. ती मला सांगते, भक्ती कर, पण पायाखाली बघ. सप्ताहाच्या त्या संध्याकाळी आमच्या मंडपात भजन उत्तम चाललं होतं, आणि एक लेकरू तुडवलं जात होतं. ठेका मीच धरला होता.

यंदा दसऱ्यानंतर माझा मुलगा शाळेतून आला, दप्तर टाकलं, आणि त्याची मान, डोळे, आवाज सगळं एकदम सुटलं. दिवसभर वर्गात धरून ठेवलेलं. आई घाबरली. मी तिला म्हटलं, आई, कोणते दिवस चाललेत? नवरात्र संपलं की दसऱ्याच्या सीमोल्लंघनानंतर तुळजापूरची भवानी पलंगावर निजते, थेट कोजागरीपर्यंत. युद्ध करून दमलेल्या देवीची ती श्रमनिद्रा. तिला कुणी उठवत नाही, कुणी विचारत नाही की जगदंबा असून दमलीस कशी. आपलं लेकरूही रोज सहा तास लढून येतं.

आई काही बोलली नाही. तिनं त्याच्यासाठी कोपऱ्यात वाकळ अंथरली, आणि सगळ्यांना सांगितलं, अर्धा तास त्याच्याशी कुणी बोलायचं नाही.

त्याच्या प्रश्नाला मी त्या संध्याकाळी उत्तर दिलं. म्हटलं, "मुद्दाम करत नाहीस. थोडं तुझं आहे, थोडं तुझं नाही, श्वासासारखं. जे तुझं नाही त्याबद्दल तुला कुणी बोलणार नाही. आणि देवळात धरून ठेवायचं नाही. शाळेत हवं तर ठेव, देवळात नाही."

यंदाच्या सप्ताहात तो टाळ घेऊन माझ्या शेजारी बसला, मागं नाही. महाराज थांबले, मंडप शांत झाला, "हं" आलं. मी पखवाजावर हलकी थाप दिली आणि महाराज पुढं बोलू लागले.